हॅमस्टरची नित्य पाहणी

घरात पाळलेल्या हॅमस्टरकडे त्याच्या मालकाने किती वेळा पाहावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. तळहातावर मावणारा, दीडशे ग्रॅमही न भरणारा हा प्राणी. तो गायीसारखा हंबरत नाही की कुत्र्यासारखा दाराशी येऊन उभा राहत नाही. ताटलीत दाणे आहेत, बाटलीत पाणी आहे, तेव्हा त्याचे सर्व ठीक चालले असणार, असे गृहीत धरण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. परंतु ही समजूतच पुष्कळदा या प्राण्याच्या जिवावर बेतते. पिंजरा भरलेला असतो, घरात प्रेम करणारी माणसे असतात, आणि तरीही एके दिवशी प्राणी मेलेला आढळतो. तो कधी आजारी पडला हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्याच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे देता येईल : दररोज एकदा नजरेने, आठवड्यातून एकदा हाताने, आणि काही ठरावीक प्रसंगी मुळीच हात न लावता. या उत्तरामागील कारणे समजावून घेतली म्हणजे ते नियम म्हणून पाठ करावे लागत नाही. म्हणून प्रथम हा प्राणी कोण आणि तो माणसाच्या घरात कसा आला, हे पाहणे उचित होईल.

ज्याला आपण सोनेरी किंवा सिरियन हॅमस्टर म्हणतो, त्याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली केले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे हा प्राणी केवळ विद्वानांच्या नोंदींत राहिला. त्याला मानवी सहवासात आणण्यास कारण ठरला तो एक रोग, आणि तो रोग भारताच्या चांगल्याच परिचयाचा होता. काळा आजार या नावाने बंगाल, आसाम आणि बिहार या प्रदेशांत ज्याने असंख्य बळी घेतले, त्याचे परजीवी १९०३ साली विल्यम लीशमन आणि मद्रासमध्ये काम करणारे चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे वर्णिले. या परजीवींच्या गटावर जेरुसलेम येथे सॉल ॲडलर हे शास्त्रज्ञ संशोधन करीत होते. त्यांना प्रयोगशाळेत सहज वाढेल असा एखादा लहान प्राणी हवा होता. त्यांच्या सूचनेवरून इस्रायल अहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ सिरियात गेले, आणि १२ एप्रिल १९३० रोजी अलेप्पोजवळच्या एका शेतात खोलवर खणून त्यांनी एक मादी व तिची अकरा पिले मिळविली.

त्या दिवशी घडलेली एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बीळ उकरले गेल्यामुळे भेदरलेल्या त्या मादीने जवळचे एक पिलू स्वतःच ठार केले. उरलेल्या पिलांपैकी काही पुढे लाकडी पिंजरा कुरतडून निसटली, काही दगावली. जी मूठभर शिल्लक राहिली, त्यांच्यापासून वर्षभरात सुमारे दीडशे हॅमस्टरांची प्रजा झाली. आज जगभरच्या घरांतून पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांपैकी बहुतेक सर्वांचे मूळ त्या एका बिळापाशी जाते. माणसाने या प्राण्यात अवेळी हात घातला तर काय होते, याचा धडा त्याच्या इतिहासाच्या पहिल्याच दिवशी लिहिला गेला होता.

कुत्रा हजारो वर्षे माणसाजवळ राहिला. माणसाला काय कळते आणि काय कळत नाही, हे त्याने जाणून घेतले. हॅमस्टरला माणसाजवळ येऊन अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याचा स्वभाव बिळात एकट्याने राहणाऱ्या, ससाणे आणि कोल्हे यांचे भक्ष्य असलेल्या प्राण्याचा आहे. भक्ष्य असलेला प्राणी दुखणे दाखवीत नाही. जो लंगडतो किंवा मागे पडतो, तोच शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो. म्हणून आजारी हॅमस्टर शक्य तोवर निरोगी असल्यासारखा वागतो, आणि जेव्हा त्याला तसे वागणे जमेनासे होते, तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. त्याच्या मौनाचा अर्थ समाधान असा लावणे ही मालकाची पहिली चूक होय.

दुसरी गोष्ट त्याच्या आयुर्मानाची. हॅमस्टर साधारणपणे दोन ते तीन वर्षे जगतो. त्याचे आयुष्य दोन वर्षांचे आणि माणसाचे सत्तर वर्षांचे धरले, तर त्याचा एक दिवस माणसाच्या पस्तीस दिवसांइतका होतो. हे गणित ढोबळ आहे, परंतु त्यातून निघणारा बोध ढोबळ नाही. शनिवारी पिंजऱ्यात डोकावलेला मालक पुढच्या शनिवारी पुन्हा डोकावतो, तेव्हा त्याच्या लेखी एक आठवडा गेलेला असतो. प्राण्याच्या आयुष्यातून मात्र आठ महिने उलटलेले असतात. घरातील वृद्ध माणसाची आठ महिने विचारपूस न करणाऱ्याला आपण काय म्हणू? पाहणीचे अंतर मालकाच्या सवडीने नव्हे, तर प्राण्याच्या घड्याळाने ठरले पाहिजे. या व्याख्यानाचे सार याच एका वाक्यात आहे.

आता रोजच्या पाहणीचा विचार करू. ती केव्हा करावी, हा पहिला मुद्दा. पाळलेला हॅमस्टर दिवसा झोपतो आणि तिन्हीसांजेनंतर जागा होतो. तुर्कस्तानात रानटी सोनेरी हॅमस्टरांचे निरीक्षण केलेल्या संशोधकांना तेथील माद्या दिवसाउजेडी बाहेर वावरताना आढळल्या, ही मोठी कुतूहलाची बाब आहे. परंतु पिंजऱ्यातील प्राण्याचा दिनक्रम रात्रीचाच असतो, आणि मालकाला त्यालाच धरून चालले पाहिजे. सकाळी कामावर निघताना पिंजऱ्याकडे टाकलेली नजर भुशाच्या ढिगाखेरीज काहीच पाहू शकत नाही. खरी पाहणी संध्याकाळी सात-आठनंतर, प्राणी आपण होऊन घरट्याबाहेर येतो तेव्हा होते. दिवसभर घराबाहेर असणाऱ्या शहरी कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठी सोयीची गोष्ट आहे. माणसे ज्या वेळी घरी परततात, त्याच वेळी हा प्राणी उठतो.

काय पाहावे, हा दुसरा मुद्दा. प्राणी नेहमीच्या वेळी उठला का? त्याची चाल सरळ आहे का, की तो एका बाजूला कलतो? डोळे उघडे आणि स्वच्छ आहेत का, की चिकटलेले आहेत? नाकाभोवती ओल आहे का? श्वास घेताना आवाज होतो का? अंगावरचे केस नीट बसलेले आहेत का, की तो पाठ वाकवून केस फुलवून बसला आहे? शेपटीखालचा भाग कोरडा आहे का? सवय झाली म्हणजे या साऱ्यासाठी पाच मिनिटे पुरतात, आणि पिंजऱ्याचे दार उघडण्याचीही गरज पडत नाही.

आपल्याकडचा शेतकरी हेच करीत आला आहे. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात फेरी मारताना तो जनावराला हातही लावत नाही. पण कोणती गाय रवंथ करीत नाही, कोणाची नाकपुडी कोरडी पडली आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यासाठी त्याने पुस्तक वाचलेले नसते. निरोगी जनावर कसे दिसते हे त्याला रोजच्या पाहण्याने ठाऊक झालेले असते, म्हणून बिघाड त्याच्या लगेच ध्यानात येतो. हॅमस्टरच्या बाबतीतही रोजच्या पाहणीचा खरा लाभ हाच आहे. आजार ओळखण्यासाठी आधी आरोग्य ओळखीचे असावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, ताटली रिकामी होते आहे एवढे पाहिले म्हणजे पुरे नाही का? दुर्दैवाने हॅमस्टरच्या बाबतीत रिकामी ताटली हा विश्वासार्ह साक्षीदार नव्हे. या प्राण्याच्या दोन्ही गालांत खांद्यांपर्यंत पोचणाऱ्या पिशव्या असतात. दाणे त्यांत भरून तो ते घरट्यात नेऊन साठवितो. जर्मन भाषेत साठेबाजी करणे या अर्थाचे जे क्रियापद आहे, ते याच प्राण्याच्या नावावरून बनलेले आहे. तेव्हा ताटलीतून गेलेला दाणा पोटात गेला असेलच असे नाही. दातांचा विकार झालेला प्राणीही काही काळ दाणे नेऊन साठवीत राहू शकतो, आणि भरलेल्या कोठारापाशी उपाशी मरू शकतो. म्हणून ताटलीबरोबर लेंड्यांकडे लक्ष द्यावे. त्या कोरड्या, घट्ट आणि नेहमीच्या संख्येने असल्या, तर पोट चालू आहे असे समजावे.

पाण्याच्या बाटलीचीही तीच कथा. नळीच्या टोकाशी असलेली गोळी अडकली, तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. हॅमस्टर दर शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण दहा मिलिलिटर पाणी पितो. बाटलीवर पेनाने रेघ ओढून ठेवली, तर ते पाणी कमी झाले की नाही हे दुसऱ्या दिवशी सहज कळते. रोज गोळी बोटाने दाबून थेंब पडतो का हे पाहणे, ही या साऱ्या दिनक्रमातील सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाची क्रिया म्हणावी लागेल.

रोजच्या पाहणीची निकड एका विशिष्ट आजाराने अधिकच स्पष्ट होते. पाळणाऱ्यांत तो ‘वेट टेल’ या नावाने ओळखला जातो. यात आतड्यांचा दाह होऊन तीव्र जुलाब होतात आणि शेपटीभोवतीचा भाग ओला व मळकट दिसू लागतो. नुकतीच आईपासून तोडलेली, प्रवासाने आणि जागाबदलाने हैराण झालेली पिले याला विशेष बळी पडतात, आणि उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत मरण येऊ शकते. दोन दिवसांच्या अंतराने पाहणाऱ्या मालकाला पहिल्या भेटीत निरोगी प्राणी दिसेल आणि दुसऱ्या भेटीत बहुधा मृत. म्हणूनच दुकानातून नुकत्याच आणलेल्या पिलाची पाहणी पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा करावी. दीड वर्षावरील वृद्ध हॅमस्टरला आणि औषध चालू असलेल्या प्राण्यालाही हाच नियम लावणे योग्य ठरेल.

आठवड्याची पाहणी निराळ्या प्रकारची असते. तीत प्राणी हातात घ्यावा लागतो. तो पूर्ण जागा झाल्यावर, हात धुऊन, दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत, जमिनीवर बसून किंवा पलंगावर हात टेकवून त्याला घ्यावे. उंचावरून पडल्यास त्याची हाडे सहज मोडतात. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून ते सरळ आणि सारख्या लांबीचे आहेत ना हे पाहावे. नखे वळली आहेत का, कातडीखाली गाठ लागते का, एखाद्या गालाची पिशवी सतत फुगलेली राहते का, हे तपासावे. नराच्या किंवा मादीच्या कुशीवर दोन्ही बाजूंस काळसर ठिपक्यासारख्या गंधग्रंथी असतात. त्या जखम समजून मालक घाबरतात, परंतु त्या स्वाभाविक आहेत.

यानंतर वजन करावे. स्वयंपाकघरातील साध्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून ते सहज करता येते. वहीत तारीख आणि ग्रॅम एवढीच नोंद पुरे. १२० ग्रॅमच्या हॅमस्टरचे वजन बारा ग्रॅमनी घटले, तर डोळ्यांना काहीच जाणवणार नाही. पण हे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वजन आठवड्यात उतरण्यासारखे आहे. केसांच्या दाट आवरणाखाली रोडपणा लपतो, काट्यापुढे लपत नाही. वीस ते पन्नास ग्रॅम वजनाच्या खुज्या जातींच्या हॅमस्टरांच्या बाबतीत तर प्रत्येक ग्रॅम मोलाचा ठरतो.

येथपर्यंत पाहण्याचा आग्रह धरला. आता न पाहण्याचाही विचार केला पाहिजे, कारण अति पाहणी हीसुद्धा एक प्रकारची इजा आहे. दिवसा झोपलेल्या हॅमस्टरला उठवून पाहुण्यांना दाखविणे, घरट्याचा भुसा उपसून तो जिवंत आहे ना हे तपासणे, मुलांनी वारंवार हातात घेणे, या गोष्टींनी त्याची झोप मोडते, तो भेदरतो आणि चावतो. तो चावल्यावर माणसे त्याला हात लावेनाशी होतात, आणि मग अति पाहणीचे रूपांतर संपूर्ण दुर्लक्षात होते. पिंजऱ्याची सफाई करतानाही सगळा भुसा एकदम टाकू नये. जुन्या घरट्यातील मूठभर कोरडा भुसा मागे ठेवावा, म्हणजे त्याला आपला वास सापडतो आणि आपले घर लुटले गेले असे त्याला वाटत नाही.

व्यालेल्या मादीच्या बाबतीत हा संयम कसोटीला लागतो. हॅमस्टरचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा असतो. दुकानातून आणलेली मादी गाभण असल्याचे मालकाला पुष्कळदा पिले झाल्यावरच समजते, आणि घरात आनंदाचा एकच कल्लोळ उडतो. अशा वेळी अलेप्पोच्या त्या मादीचे स्मरण ठेवावे. पहिले सात ते दहा दिवस घरट्याला हात लावू नये, पिले मोजू नयेत, सफाई करू नये. दाणे आणि पाणी हलकेच ठेवावे, आणि दुरूनच मादी खाते-पिते आहे ना एवढे पाहावे. पाहणी येथेही रोजचीच आहे; फक्त ती दाराबाहेरून करावयाची आहे. पिले तीन आठवड्यांची झाली म्हणजे आईपासून वेगळी करण्याची तयारी ठेवावी, आणि पुढे लवकरच नर व मादी वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा द्यावा. मोठे सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले, तर ते परस्परांना जखमी करतात, प्रसंगी ठारही मारतात.

बंगळूर शहराचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. एक संबंध प्रयोगशाळेचा. १९०९ साली स्थापन झालेल्या येथील भारतीय विज्ञान संस्थेत, कोविडच्या साथीच्या काळात, उष्णता सहन करू शकेल अशा लशीवर संशोधन झाले; त्यात हॅमस्टरांचा उपयोग करण्यात आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनेही कोव्हॅक्सिन लशीची चाचणी सिरियन हॅमस्टरांवर केली होती. लस टोचून घेणाऱ्या कोट्यवधी लोकांना या लहानशा प्राण्याचे आपल्यावर काही ऋण आहे, याची कल्पनाही नसेल. प्रयोगांसाठी ठेवलेल्या प्राण्यांच्या देखभालीसंबंधी भारतात जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिलेली आहेत, त्यांत प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांनी प्रत्येक प्राण्याचे निरीक्षण सामान्यतः दररोज करावे, आणि प्राणी आजारी असल्यास किंवा शस्त्रक्रियेतून सावरत असल्यास अधिक वेळा करावे, असे सांगितले आहे. आजार, इजा किंवा वागण्यातील बदल यांची चिन्हे शोधणे हा त्या निरीक्षणाचा हेतू. ज्या प्राण्याच्या नशिबी प्रयोग आहे, त्याला जर दररोज पाहिले जाण्याचा अधिकार मिळतो, तर ज्याला लाडाने घरी आणले त्याला त्याहून कमी का मिळावे?

दुसरा संबंध घरगुती आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले, सौम्य हवेचे शहर म्हणून ख्यात आहे. हॅमस्टरला वीस ते चोवीस अंश सेल्सिअसची हवा मानवते, आणि या शहरातील वर्षाचे पुष्कळ दिवस त्याला अनुकूल असतात. परंतु या लौकिकावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. २४ एप्रिल २०१६ रोजी येथील तापमान ३९.२ अंशांवर गेले होते. तीस अंशांपुढे हॅमस्टरला उष्माघाताचा धोका वाढू लागतो, आणि गच्चीखालची खोली, पत्र्याचे छप्पर, काचेची बंद गॅलरी किंवा उन्हात उभी केलेली मोटार यांत तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळच अधिक असते. अंग सैल टाकून पसरलेला, धापा टाकणारा, लाळ गाळणारा हॅमस्टर आढळल्यास त्याला त्वरित थंड सावलीच्या जागी न्यावे, पाणी समोर ठेवावे आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये. मार्च ते मे या महिन्यांत संध्याकाळच्या पाहणीला दुपारच्या एका फेरीची जोड द्यावी. ही फेरी प्राण्याला उठविण्यासाठी नसून खोलीतील हवा पाहण्यासाठी असते.

थंडीविषयीही एक गैरसमज आढळतो. कडक थंडीत हॅमस्टर गारठून सुप्तावस्थेत जातो, हे खरे आहे. पण बंगळूरमध्ये आजवर नोंदलेले किमान तापमान ७.८ अंश आहे, आणि ते १३ जानेवारी १८८४ रोजीचे. तेव्हा येथल्या राहत्या घरात थंडगार आणि निपचित पडलेला हॅमस्टर आढळला, तर ‘तो शीतनिद्रा घेत असेल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्याला ओंजळीत किंवा उबदार फडक्यात हळूहळू ऊब द्यावी आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. तो आजारी असण्याचाच संभव येथे अधिक आहे.

वैद्यकीय मदतीचा विचार प्राणी आणण्यापूर्वीच करावयास हवा. गाईगुरे, कुत्री आणि मांजरे यांच्यावर उपचार करणारे पशुवैद्यक पुष्कळ मिळतात. इतक्या लहान प्राण्याचा अनुभव असलेले थोडे असतात. हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे या शहराचे भाग्य. ज्या पशुवैद्यकाला हॅमस्टरचा अनुभव आहे, त्याचा पत्ता निरोगी दिवसांतच शोधून वहीत लिहून ठेवावा. घरातील औषधांच्या डब्यातून काही देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पेनिसिलिनसारखी माणसांना चालणारी प्रतिजैविके हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट करून त्याचा प्राण घेऊ शकतात.

शहरी कुटुंबाच्या बाबतीत दुर्लक्षाचे सर्वांत मोठे कारण क्रूरता नसून सुट्टी हे असते. शुक्रवारी रात्री घराला कुलूप लावून कुटुंब सोमवारी पहाटे परतते. दाणे दुप्पट ठेवले, बाटली काठोकाठ भरली, म्हणजे कर्तव्य संपले असे वाटते. पण गोळी अडकली, पंखा बंद पडला, खिडकीतून ऊन पिंजऱ्यावर आले, तर दुप्पट दाण्यांचा काय उपयोग? २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा बंद दुकानांत अडकलेल्या प्राण्यांचे काय, हा प्रश्न अनेक शहरांतून उभा राहिला. कुलपाआड कोणाची नजर पोचत नसेल, तर भरल्या कोठारालाही अर्थ राहत नाही, हे त्या दिवसांनी दाखवून दिले. दृष्टीआड सृष्टी ही म्हण पिंजऱ्यातल्या जिवाला शब्दशः लागू पडते. एका रात्रीहून अधिक काळ घर बंद राहणार असेल, तर शेजारच्या काकूंना किंवा विश्वासू मित्राला किल्ली द्यावी आणि काय पाहावयाचे ते कागदावर लिहून द्यावे : पाण्याचा थेंब, लेंड्या, शेपटीखालचा कोरडेपणा, डोळे, चाल, आणि पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक.

पुष्कळ घरांत हॅमस्टर आणला जातो तो मुलांसाठी. ‘त्याची जबाबदारी तुझी’ असे सांगून वडीलधारी माणसे मोकळी होतात. मुलाने रोज संध्याकाळी पिंजऱ्यापाशी बसावे, वजन वहीत लिहावे, हे शिक्षण उत्तमच आहे. परंतु परीक्षा आल्या, खेळ आले, नव्याची नवलाई ओसरली, म्हणजे मुलाचे लक्ष उडणारच. त्यात मुलाचा दोष नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलावर एका जिवाचा संपूर्ण भार टाकणे हे त्या प्राण्यावर जितके अन्यायाचे, तितकेच त्या मुलावरही. मूल पाहील, पण मुलाने पाहिले की नाही हे मोठ्या माणसाने पाहिले पाहिजे. प्राण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवयही मोठ्यांनीच लावावयाची असते, कारण या प्राण्यांपासून माणसांना काही रोग होऊ शकतात. घरात गर्भवती स्त्री असल्यास तिने पिंजऱ्याची सफाई करू नये, हे विशेष ध्यानात ठेवावे.

कायद्यानेही या प्राण्याची अगदीच उपेक्षा केलेली नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय योजणे हे त्याचे कर्तव्य ठरते. २०१८ साली दुकानांतून होणाऱ्या पाळीव प्राण्यांच्या विक्रीसंबंधी जे नियम झाले, त्यांतील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत हॅमस्टरचा नावाने उल्लेख आहे. राज्यघटनेच्या ५१ क या अनुच्छेदाने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. तथापि कोणत्याही निरीक्षकाला घराघरातील पिंजऱ्यापुढे रोज संध्याकाळी उभे राहता येणार नाही. तेथे उभे राहणारा एकच असू शकतो, आणि तो म्हणजे ज्याने त्या प्राण्याला घरात आणले तो.

हॅमस्टर पाळणाऱ्याकडून फार मोठ्या त्यागाची अपेक्षा नाही. त्याला फिरावयास न्यावे लागत नाही. त्याचा खर्चही बेताचा असतो. त्याला हवी असतात ती दिवसाकाठी पाच मिनिटे, आठवड्याला एक वजन, आणि योग्य वेळी हात मागे ठेवण्याचा संयम. एवढेही देता येणार नसेल, तर प्राणी न आणणे हीच त्याच्यावर केलेली खरी दया ठरेल. देता येणार असेल, तर दोन-तीन वर्षांच्या त्याच्या लहानशा आयुष्यातील प्रत्येक दिवस कोणीतरी पाहिलेला असेल.